पळसदेवचं शिखर आणि डोळ्यांची चढण

बारामतीहून भिगवणला यायचं, सोलापूर हायवेला लागायचं, की थोड्याच वेळात इंदापूर तालुक्यातलं पळसदेव येतं. १९८० साली भीमेवरचं उजनी धरण पुरं झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं. माणसं वर सरकली, पळसनाथाचं मंदिर जागच्या जागी राहिलं. पाणी उतरू लागलं की आधी शिखर दिसतं. उन्हाळा कडक निघाला तर अख्खं मंदिर उघडं पडतं, वीरगळांसकट. (शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळवणारा दुष्काळच आपल्याला हे दर्शन घडवतो, आहे खरं विचित्र.)

पाण्यातून नुसतं शिखर वर आलेलं असतानाच ते नीट बघावं. विटांचं आहे, भूमिज पद्धतीचं. या पद्धतीत शिखराच्या चारही बाजूंना मधोमध एकेक उभा पट्टा तळापासून माथ्यापर्यंत जातो. त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरिकांच्या आडव्या ओळी, एकीवर एक. गंमत पुढेच आहे. प्रत्येक ओळीत शिखरिका तितक्याच, पण वर जाताना जागा आक्रसते, म्हणून शिखरिकाही बारीक होत जातात. रुंदीला कमी, उंचीलाही कमी.

आता एक कागद घ्या. ५ सेंटिमीटरचा चौकोन काढा, त्यावर ४ चा, मग ३.२ चा, २.६ चा, २ चा. बाजूला सगळे सारखे, ३.४ सेंटिमीटरचे पाच चौकोन रचा. दोन्ही मनोऱ्यांची उंची जवळजवळ सारखीच भरते. तरी पहिला उंच जात राहिल्यासारखा वाटतो, दुसरा नुसता उभा. सरळ रस्त्यावरची झाडं लांब जाताना लहान दिसतात, हे डोळ्यांना पाठ असतं. त्यामुळे जे लहान होत गेलं ते लांबचं मानून डोळे मोकळे होतात. चित्रकलेच्या वर्गात पुनरावृत्ती, लय, प्रमाण असे धडे वेगवेगळे शिकवतात. इथे ते एकाच शिखरात एकमेकांना धरून उभे आहेत. नुसत्या शिखरिका असत्या तर नजर त्या गर्दीत भरकटली असती. लता तिला सरळ वाट देते. उन्हात प्रत्येक शिखरिकेशेजारच्या खाचेत सावली साठते आणि ओळी लांबूनही सुट्या दिसतात.

मला सगळ्यांत जास्त थक्क करते ती वेगळीच गोष्ट. या पद्धतीत शिखरिका म्हणजे मोठ्या शिखराचंच छोटं रूप. म्हणून तुकडा दिसला तरी पूर्णाचा अंदाज येतो. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिरही भूमिज, पण दगडी. त्याच्या शिखराचा वरचा भाग ढासळलाय. तरी उरलेल्या ओळी कशा बारीक होत गेल्यात ते पाहून माथा कुठे जुळला असेल, हे कागदावर रेघा वाढवून बरंचसं काढता येतं.