जुन्या डीजे मिक्सरचा अडखळणारा स्विच : दुरुस्ती आणि त्यामागचं विज्ञान



बऱ्याच शाळांच्या साहित्याच्या कपाटात एखादा जुना मिक्सर पडून असतो. स्वयंपाकघरातला नव्हे, डीजेवाला! स्नेहसंमेलनात एक गाणं संपता संपता दुसरं सुरू करायला तो फार उपयोगी. पण वर्षातून तीन-चार वेळाच बाहेर निघतो आणि नेमका २६ जानेवारीच्या आदल्या दिवशी खरखर करायला लागतो. एका बाजूचा आवाज गायब. मग "हा गेला, नवीन घ्या" असं ठरतं. नवीन घ्यायला पैसे नसतात, म्हणून मुलांचा नाच मोबाईलला माईक लावून उरकला जातो. माझ्या मते असे बरेच मिक्सर गेलेले नसतातच. त्यांच्यातला एखादा छोटासा स्विच मळलेला असतो.

हा स्विच बहुतेक वेळा 'फोनो / लाईन' असं लिहिलेला असतो. जुने डीजे तबकडी वाजवायचे. तबकडीच्या सुईकडून येणारा सिग्नल अगदी क्षीण, साधारण ५ मिलिव्होल्ट. मोबाईल किंवा लॅपटॉपचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट मोठा, काहीशे मिलिव्होल्ट. म्हणून तबकडीसाठी मिक्सरमध्ये वेगळं वर्धक सर्किट असतं आणि कोणत्या वाटेनं जायचं ते हा स्विच ठरवतो. मोबाईल जोडून स्विच चुकून 'फोनो'वर राहिला तर आवाज फाटका, कर्कश येतो. त्यामुळे आधी एवढंच बघा. कधी कधी दुरुस्ती इथेच संपते!

नाही संपली, तर स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी दोष कुठे आहे ते शोधायचं. समजा डावा आवाज येत नाही. मिक्सरच्या मागे लावलेल्या लाल आणि पांढऱ्या पिना आपसात बदला. आता उजवा आवाज गेला, तर दोष वायरमध्ये किंवा मोबाईलमध्ये आहे, मिक्सर निर्दोष. डावाच गप्प राहिला, तर दोष मिक्सरमध्ये किंवा त्याच्या पुढे. मग तीच वायर दुसऱ्या चॅनेलला लावा. तिथे दोन्ही बाजू वाजल्या म्हणजे ॲम्प्लिफायर, स्पीकर ठीक. दोष पहिल्या चॅनेलमध्येच. शेवटी आवाज कमी ठेवून स्विच हळूच हलवा. हलवताना खरखर होऊन आवाज येत-जात असेल, तर चोर सापडला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हीच तर आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतो ती पद्धत.

आता प्रश्न असा की घरातला दिव्याचा स्विच वीस वर्षं चालतो, मग हाच का बिघडतो? स्विचच्या आत धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात. हवेमुळे त्यांच्यावर पातळ थर चढतो. चांदीचा मुलामा असेल तर तो काळा पडतो, घरातल्या चांदीच्या वाटीसारखाच. दिव्याच्या स्विचमध्ये २३० व्होल्ट असतात. उघडझाप होताना बारीक ठिणगी पडते आणि तो थर फुटतो. मिक्सरमधल्या एवढ्याशा सिग्नलमध्ये थर फोडायची ताकदच नसते. शिवाय सरकता स्विच हलवला की पट्ट्या घासल्या जाऊन साफ होतात; कपाटात पडून राहिला की ते घासणंही बंद. म्हणजे हा स्विच वापरून नव्हे, न वापरून खराब होतो.

हे वर्गात दाखवता येतं. १.५ व्होल्टचा सेल, टॉर्चचा बल्ब आणि एक गंजलेला खिळा घ्या. वायरची टोकं गंजावर नुसती टेकवली तर बल्ब सहसा लागत नाही. पॉलिश पेपरनं खिळा घासला की लागतो. (मिक्सरच्या स्विचला मात्र पॉलिश पेपर लावू नका, मुलामाच निघून जाईल.)

दुरुस्ती करताना आधी प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. दहा मिनिटं थांबा, कारण आतले कपॅसिटर विद्युतभार धरून ठेवतात. मेनची वायर जिथे आत येते त्या भागाला हात लावायचा नाही. हे काम मोठ्यांनीच करायचं, मुलांनी लांबून बघायचं. नॉब ओढून काढा, स्क्रू वाटीत ठेवा आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाईलनं फोटो काढा.

सरकत्या स्विचला खालून बहुधा सहा पिना दिसतात, तीन-तीनच्या दोन रांगा. एक डाव्या आवाजाची, एक उजव्या. मधली पिन स्विचच्या स्थितीनुसार कडेच्या एका पिनेला जोडली जाते. मल्टिमीटर बीपवर ठेवून मधली आणि कडेची पिन तपासा. चांगल्या रांगेत लगेच बीप येतो, मळलेल्या रांगेत येत-जात राहतो किंवा येतच नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो. त्याच्या नळीनं स्विचच्या फटीत छोटासा फवारा मारा आणि स्विच वीस-तीस वेळा इकडून तिकडे करा. खिडकी उघडी ठेवा, हा फवारा पेट घेतो. पूर्ण वाळल्याशिवाय वीज जोडू नका. खोबरेल तेल, रॉकेल, सॅनिटायझर यातलं काहीही नको. तेलावर धूळ बसते आणि सॅनिटायझरमध्ये पाणी असतं.

तरी फरक पडला नाही तर पिनेभोवतीचा सोल्डर भिंगातून बघा. बारीक गोल भेग दिसली तर तिथे पुन्हा सोल्डर लावला की झालं. स्विचच तुटला असेल तर काढून सोबत न्या, कारण पिनांमधलं अंतर जुळायला हवं. पुण्यात बुधवार पेठ, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे असे सुटे भाग मिळतात. सोल्डरिंगचा सराव नसेल तर गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे द्या, पण दोष कुठला ते चिठ्ठीवर लिहून. त्यांचा वेळ वाचतो.

यानंतर मिक्सरवर कापड टाकून ठेवा आणि महिन्यातून एकदा, वीज बंद असताना, सगळे स्विच दहा-बारा वेळा हलवा. आमच्याकडे तबकडी कोणीच वाजवत नाही, म्हणून 'लाईन'च्या बाजूला लाल टिकली चिकटवली आहे.