शिवणकाम करणाऱ्या बाईचे भाकीत

1895 साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात, अ‍ॅन आर्बर येथे डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई होती. एके दिवशी ती खिन्न दिसली. कारण विचारता म्हणाली, घरची इतकी माणसे पोटाच्या वा गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली, आपलाही शेवट तसाच व्हायचा. त्या वेळी तिची प्रकृती उत्तम होती. तरी पुढे ऐन उमेदीत गर्भाशयाच्या कॅन्सरनेच तिचा अंत झाला.

आपल्याकडे अशा वेळी घराण्याला शाप आहे असे म्हणून विषय मिटवतात. मुलीचे लग्न ठरायचे असेल तर तो काढीतही नाहीत. वॉर्थिनसाहेबांनी मात्र तिच्या घराण्याची वंशावळच मांडली आणि 1913 साली ती प्रसिद्ध केली. नाव उघड होऊ नये म्हणून त्या घराण्यास ‘जी कुटुंब’ म्हटले. तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

1960 नंतरच्या काही वर्षांत नेब्रास्का राज्यात डॉ. हेन्री लिंच यांना एक मद्यासक्त रोगी भेटला. घरचे सगळे कॅन्सरने जातात, मीही जाणार, म्हणून पितो, असे त्याचे सांगणे. लिंच यांनी त्याचे नातेवाईक शोधून काढले, जबाब कागदपत्रांशी ताडून पाहिले. 1967 पासून ते ओमाहातील जेझुइट धर्मगुरूंच्या क्रेटन विद्यापीठात होते. जुन्या ‘जी कुटुंबा’चाही त्यांनी पुन्हा शोध घेतला, 1971 साली त्यातील साडेसहाशेहून अधिक रक्ताच्या नातेवाइकांची नोंद प्रसिद्ध झाली. अनेक वर्षे या कामाला सरकारी पैसा मिळाला नाही, ही गोष्ट आम्हांस खटकते.

1993 साली दोषी जनुकांपैकी पहिले सापडले. पेशी दुभंगताना तिच्यातील मजकुराची नक्कल होते. तीतील चुका दुरुस्त करण्याचे काम या जनुकाचे. आमच्या छापखान्यात मुद्रिते तपासणारा रजेवर गेला की काय होते, हे वाचकांनी कधीतरी पाहिलेच आहे! तो दोष आईबापांपैकी एकाकडे असल्यास प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याचा संभव निम्मा. दोष मिळाला म्हणजे कॅन्सर झालाच असे नव्हे. धोका मात्र पुष्कळ वाढतो. अशांची मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी दर एकदोन वर्षांनी करतात व गाठी वेळीच काढून टाकतात.

घराण्यातील दोष कोणता हे एकदा कळले, की इतरांना रक्ताच्या तपासणीने आपले उत्तर मिळते. ज्यांच्यात तो नसतो त्यांचा धोका चारचौघांइतकाच. त्यांच्या मुलाबाळांनाही तो दोष त्यांच्याकडून जात नाही.