ईशान्येचा कोपरा

नववीच्या सहामाहीत लेक गणितात जेमतेम काठावर पास झाली आणि आमच्या घरात फेंगशुई शिरले.

आणले ते नणंदबाईंनी. त्या गेली पंधरा वर्षे सिंगापूरला असतात. नाताळच्या सुटीत डोंबिवलीला आल्या, भाचीचे प्रगतिपुस्तक पाहिले आणि चहाचा कप हातात घेऊनच तिच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. ‘‘वहिनी, पोरीची पाठ दाराकडे आहे. कसा अभ्यास होणार?’’

मला हसूच आले. पूर्वेकडे तोंड करून अभ्यास, दक्षिणेला डोके करून झोप, ही वास्तुशास्त्राची हौस सासूबाईंनी आधीच भागवून घेतलेली. त्यात आता हा चिनी पाहुणा! आणि आमच्यासारख्यांच्या जागेत टेबल जिथे मावते, तीच त्याची दिशा.

पण वन्सं ऐकतात थोड्याच. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी घराचा नकाशा काढला आणि त्यावर आठ दिशांचा ‘बागुआ’ मांडला. ईशान्य म्हणजे पर्वत, स्थिरपणा, म्हणून ती विद्येची जागा. पश्चिम म्हणजे तळे, आनंद, म्हणून ती मुलांची. आमच्या ईशान्येला मोरी निघाली आणि पश्चिमेला चपलांचे स्टँड. (देव ईशान्येला ठेवायची सासूबाईंची इच्छा अपुरी राहिली, तीही या मोरीपायीच.) ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले, पण ते हलत होते.

वन्सं गेल्यावर मी थोडे वाचले. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. चौथ्या शतकातील गुओ पू या पंडिताच्या नावावर एक जुना ग्रंथ सांगितला जातो. प्राणशक्ती वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते, असा त्यातला विचार. गंमत म्हणजे तो ग्रंथ घरांविषयी नाही, पूर्वजांना कोठे पुरावे याविषयी आहे! घराचे नियम पाहिले, तर चीनचे हवामानच समोर येते. तिकडे हिवाळ्यातला बोचरा वारा उत्तरेकडून येतो, म्हणून घराच्या पाठीशी उत्तरेला डोंगर हवा आणि तोंड दक्षिणेच्या उन्हाकडे. आमच्याकडे जूनमध्ये नैर्ऋत्येकडून पाऊस थेट गादीपर्यंत येतो, त्याला तिथला डोंगर काय करणार?

मुलांच्या अभ्यासाची काळजी मात्र तिकडेही आपल्यासारखीच. विद्येचा त्यांचा देव वेनचांग. हाँगकाँगच्या हॉलिवूड रोडवर १८४७ सालचे मान मो मंदिर आहे, तिथे हा विद्येचा देव आणि युद्धाचा देव शेजारी शेजारी बसतात. दहावीचे वर्ष काढलेल्या कोणत्याही आईला ही जोडी पटेल. तैवानमध्ये परीक्षेआधी मुले वेनचांगपुढे प्रवेशपत्राची झेरॉक्स ठेवतात आणि सोबत सेलरी व पातीचा कांदा. तिथल्या भाषेत सेलरीचा उच्चार ‘कष्टाळू’सारखा आणि कांद्याचा ‘हुशार’सारखा होतो म्हणून. मला हे वाचून आपली पाटीपूजनाची सरस्वती आठवली. आपल्या हातात काही उरले नाही की आईबाप देवापुढे काय काय ठेवतात!

तर वन्संनी दिलेल्या वस्तूंपैकी स्फटिकाचा गोळा खिडकीत लटकला, पवनघंटी कपाटात गेली. पलंगाखाली साठवलेली पाचवीपासूनची पुस्तके रद्दीत दिली, कारण पलंगाखाली अडगळ नको म्हणे. हे मला एरवीही पटले असते, धूळ किती निघाली! आणि ह्यांनी एका रविवारी घाम गाळून टेबल फिरवले. आता लेकीच्या पाठीशी भिंत, समोर तिरके दार आणि डावीकडे खिडकी. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून असला की हाताची सावली वहीवर पडत नाही, हे आमच्या शाळेतल्या बाईसुद्धा सांगायच्या.

आठवडाभराने दूध घेऊन गेले, तर लेक वर पाहून म्हणाली, ‘‘आई, हे बरं झालं. आता तू येताना दिसतेस.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘आधी तू एकदम मागे येऊन उभी राहायचीस. मी काही लपवत नव्हते गं. पण माझा एक कान सारखा दाराकडेच असायचा. गणित करताना तर जास्तच, कारण गणित चुकलं की तू च् करायचीस.’’

मी दुधाचा ग्लास टेबलावर ठेवला आणि बाहेर आले. मला आठवेना, मी च् केव्हा करायचे. ह्यांना विचारले, तर ते म्हणाले, ‘‘रोज.’’

पाठ उघडी नको, दार नजरेत हवे, हा नियम कुणी पहिल्यांदा सांगितला असेल, त्याला शत्रूची भीती असेल. आमच्या घरात तो शत्रू हातात दूध घेऊन येत होता.

वार्षिक परीक्षेत गणिताचे गुण वाढले. फार नाही, पण वाढले. वन्संनी फोनवर श्रेय स्फटिकाला दिले, ह्यांनी क्लासच्या सरांना. मी गप्प बसले. दहावीचे वर्ष सुरू झाले त्या दिवशी लेकीने कपाटातली पवनघंटी काढली आणि खोलीच्या दारावरच्या पडद्याच्या दांडीला बांधली. ‘‘कोणती दिशा गं ही?’’ मी विचारले.

‘‘तुझी,’’ ती म्हणाली. पडदा सारला की घंटी वाजते. परवा तर मी ती वाजवून बाहेरच थांबले, आतून ‘‘ये’’ म्हणेपर्यंत.