गांठ नसलेला कर्करोग

(नभोवाणीवरील भाषण)

तीस वर्षें मीं गंगाखेडास शाळेंत विज्ञान शिकविलें. पेशी म्हणजे काय, हें फळ्यावर किती वेळां काढून दाखविलें असेल याची गणती नाहीं. त्या फळ्यावरच्या पेशी भिंतींतल्या विटांसारख्या निमूटपणें एकमेकींना चिकटून बसलेल्या असत. साडेचार वर्षांपूर्वीं माझ्याच शरीरांतील कांहीं पेशींनीं ही शिस्त मोडली, आणि मला जो धडा नव्यानें गिरवावा लागला तो आज आपणांपुढें ठेवणार आहें. विषय स्तनाच्या कर्करोगाचा आहे. त्यांतहि त्याच्या एका कमी परिचित प्रकाराचा. हा शब्द रेडिओवर ऐकतांना माझ्या मोठ्या जाऊबाईंना कसेंसेंच होईल, हें मला ठाऊक आहे. त्यांची क्षमा मीं आधींच मागून ठेवली आहे.

आपण साऱ्याजणी ऐकून असतों कीं, स्तनांत गांठ लागली तर डॉक्टरांकडे जावें. मला गांठ लागलीच नाहीं. एके दिवशीं न्हातांना डाव्या स्तनाची बाहेरची बाजू उजवीपेक्षां भरीव वाटली. दुधावर जाड साय धरावी व बोट लावतांच ती सबंध हलावी, तसा कांहींसा स्पर्श होता. दुखत नव्हतें. दोन महिन्यांनीं आरशांत पाहिलें, तों तेथील कातडी किंचित् आंत ओढल्यासारखी दिसली. तेव्हां मीं एका ठिकाणीं मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचें क्ष-किरणचित्र, काढून घेतलें. अहवाल निर्दोष आला. तो कागद मीं देवघरांत तसबिरीमागें ठेवला आणि पांच महिने स्वस्थ बसलें. चूक अहवालाची म्हणावी कीं माझ्या स्वस्थतेची, हा वाद मीं आतां सोडून दिला आहे. पण त्या पांच महिन्यांत ती साय घट्ट होत गेली, हें खरें.

हें असें कां झालें, तें समजून घेण्यासारखें आहे. स्तनांत दूध तयार करणाऱ्या बारीक बारीक खंडिका असतात, आणि तें दूध बोंडापर्यंत नेणाऱ्या नलिका असतात. खंडिकेस इंग्रजींत लोब्यूल म्हणतात. त्यावरून या रोगास लोब्युलर कर्करोग हें नांव पडलें. स्तनाच्या दर शंभर कर्करोगांत दहा ते पंधरा या जातीचे असतात, असें पाश्चात्य देशांतील मोजदाद सांगते. आपल्याकडील रुग्णालयांच्या नोंदींत हें प्रमाण त्याहून कमी आढळतें. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयांतील फूट व स्टुअर्ट या दोघां विकृतिशास्त्रज्ञांनीं या रोगाच्या प्रारंभींच्या अवस्थेचें वर्णन १९४१ सालीं प्रसिद्ध केलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं २८ फेब्रुवारीस मुंबईंत परळला टाटा स्मारक रुग्णालयाचें दार उघडलें.

निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर ई-कॅडहेरिन नांवाचें एक प्रथिन असतें. त्याच्या योगानें शेजारशेजारच्या पेशी एकमेकींचे हात धरून राहतात. लोब्युलर कर्करोगांत हें प्रथिन बहुधा नाहींसें झालेलें असतें. हात सुटलेल्या पेशी मग एका जागीं ढीग करून बसत नाहींत, तर साखरेच्या डब्याकडे निघालेल्या मुंग्यांप्रमाणें एकामागें एक अशा स्तनाच्या तंतूंमधून वाट काढीत जातात. मुंग्यांचें वारूळ दुरून दिसतें. त्यांची रांग मात्र भिंतीला डोळे लावल्यावांचून दिसत नाहीं. क्ष-किरणांना वारूळ दिसतें. रांग त्यांच्या नजरेंतून पुष्कळदां निसटते, आणि हाताच्या बोटांनाहि ती गांठ म्हणून सांपडत नाहीं. सांपडला तर नुसता जाडपणा, ओढलेली कातडी, आंत वळलेलें बोंड किंवा दोन स्तनांच्या आकारांत नव्यानें पडलेला फरक.

हाताच्या तपासणीस याकरितां कोणी कमी लेखूं नये. टाटा रुग्णालयानें मुंबईच्या वस्त्यांत १९९८ सालीं एक मोठा प्रयोग आरंभिला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रिया त्यांत होत्या. त्यांतील निम्म्या वस्त्यांमधून शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं स्त्रियांचे स्तन हातानें तपाशीत. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. सर्व वयांच्या स्त्रिया एकत्र घेतल्या तर मृत्यूंतील घट निर्णायक म्हणण्याजोगी ठरली नाहीं. पण पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगानें होणारे मृत्यु जवळजवळ शेंकडा तीसनें घटले. यंत्र नसलेल्या गांवांच्या दृष्टीनें ही गोष्ट लहान नव्हे.

माझे निदान अखेर सोनोग्राफी व सुईनें काढलेल्या तुकड्याच्या तपासणीनें झालें. रोग कोठवर पसरला आहे हें पाहण्यास एम्. आर्. आय्. करावा लागला, कारण या प्रकारांत इतर चित्रें विस्तार कमी दाखवितात. एम्. आर्. आय्. कधीं कधीं उलट बाजूनें चुकतो व नसलेला रोग दाखवितो, म्हणून त्यानें दाखविलेल्या शंकास्थानाचाहि तुकडा तपासून घ्यावा लागतो. येथें एक व्यवहाराची गोष्ट सांगतें. काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यांत जतन केलेला असतो. दुसऱ्या रुग्णालयांत जातांना कागदांबरोबर तो ठोकळाहि मागून न्यावा. माझ्या तुकड्यावर ई-कॅडहेरिनची चाचणी मुंबईंत पुन्हा झाली व तेथेंच रोगाची जात निश्चित ठरली. तो ठोकळा मी पदराच्या गांठींत बांधावा तसा जपून नेला होता.

निदान झालें त्या रात्रीं घरांत बैठक बसली. जाऊबाई म्हणाल्या, "काढून टाक बाई एकदांचं सगळं. झाड तोडायचं तर मुळासकट." ह्यांचें म्हणणें पडलें कीं, जेवढें अवश्य तेवढेंच काढावें. धाकट्या भावजींनीं पुण्याहून फोन करून सांगितलें, "वहिनी, आधीं केमो घ्या, मग बाकीचं बघूं." प्रत्येकाच्या बोलण्यांत माया पुष्कळ होती, माहिती थोडी होती. माझ्याजवळहि ती तेव्हां तेवढीच होती.

जाऊबाईंचें मत एके काळीं जगांतील नामांकित शस्त्रवैद्यांचेंहि होतें. अमेरिकेंतील हॉलस्टेड यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू व काखेंतील गांठी एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, आणि पुढें कित्येक दशकें तीच चालली. अमेरिकेंत फिशर यांनीं व इटलींत व्हेरोनेसी यांनीं तिची परीक्षा पाहिली. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे त्यांचे निष्कर्ष २००२ सालीं एकाच वेळीं प्रसिद्ध झाले. स्तन राखून केवळ रोगट भाग काढला व मागाहून किरणांचा शेक दिला, तरी आयुष्याच्या मर्यादेंत फरक पडत नाहीं, असें दोहोंत आढळलें. तेव्हां तात्त्विक दृष्ट्या ह्यांचें म्हणणें बरोबर ठरलें. परंतु लोब्युलर प्रकारांत एक अडचण उरते. मुंग्यांची रांग कोठें संपली हें शस्त्रवैद्याच्या डोळ्यांस दिसत नाहीं. काढलेल्या भागाच्या कडेवर रोग सांपडण्याचा व दुसरी शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव अधिक असतो.

माझा रोग चार सेंटिमीटरांच्या आसपास पसरलेला होता आणि देह मुळांत किरकोळ. मुंबईच्या शस्त्रवैद्यांनीं दोन्ही मार्ग समजावून दिले व विचारलें, "बाई, तुम्हांला सर्वांत अधिक भीति कशाची वाटते?" मी म्हणालें, "पुन्हा पुन्हा यावें लागण्याची." गंगाखेडाहून परभणी, परभणीहून रात्रीची गाडी, ह्यांची साखर, दारांतलें कुलूप, हें सर्व माझ्या डोळ्यांपुढें होतें. मीं पुरा स्तन काढण्याचें ठरविलें. तेव्हां ते म्हणाले, "ठीक. पण शेक टळेल एवढ्याच आशेनें हें करूं नका. काखेचा अहवाल आल्यावर तो लागूंहि शकेल." आणि तसेंच झालें. काखेंतील चौदा गांठींपैकीं दोहोंत रोग सांपडला, शेक लागला. माझ्या हिशेबाची अर्धी बाजू अशी कोसळली. तरी निर्णयाचा पश्चात्ताप होत नाहीं, कारण काढलेल्या भागांत रोग चित्रांत दिसला होता त्यापेक्षां लांब गेलेला आढळला.

त्या दिवसांत आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेंत उतरलों होतों. शेजारच्या खाटेवर कोंकणांतल्या एक बाई होत्या. रोग याच जातीचा, पण लहान व एका कोपऱ्यांत. त्यांनीं स्तन राखला. त्यांच्यापुरतें तेंच शहाणपणाचें होतें. आम्हां दोघींत बरोबर कोण, असा प्रश्न धर्मशाळेंत कोणीहि विचारला नाहीं. घरीं परतल्यावर मात्र सगळ्यांनीं विचारला. त्याच बाईंनीं मला तान्ह्या मुलांच्या उशींत घालतात तशी मोहरी भरून चोळींत ठेवावयाची गादी शिवून दिली. कापसाची गादी हलकी पडते व वर सरकते. मोहरीला वजन असतें.

शेकाची मुदत पूर्वीं पांच आठवड्यांची असे. इंग्लंडमधील प्रयोगांनंतर ती पुष्कळ रुग्णांत तीन आठवड्यांवर, पंधरा बैठकींवर, आली आहे. एका आठवड्याच्या पांच बैठकींचाहि प्रयोग २०२० सालीं यशस्वी झाल्याचें प्रसिद्ध झालें. दूरच्या रुग्णानें ही चौकशी अवश्य करावी. मीं तीन आठवड्यांचा शेक छत्रपति संभाजीनगरास घेतला, कारण तेथें माझी बहीण राहते. बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयहि आमच्या बाजूच्या कित्येकांना सोयीचें पडतें. ज्यांची आर्थिक ओढाताण आहे त्यांनीं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच दिवशीं करावी. शस्त्रक्रिया, केमो व शेक हीं तिन्ही तींत येतात.

केमोचा प्रश्न सर्वांत अवघड गेला. लोब्युलर रोग बहुतेक वेळां संथ वाढणारा असतो, आणि केमोचीं औषधें वेगानें वाढणाऱ्या पेशींवर अधिक चालतात. शिवाय २०२१ सालच्या एका मोठ्या अमेरिकन प्रयोगांत असें दिसलें कीं, पाळी गेलेल्या, संप्रेरकांवर पोसणारा रोग असलेल्या व काखेंतील एक ते तीन गांठींपर्यंतच रोग पोंचलेल्या स्त्रियांना, रोगपेशींच्या जनुकचाचणीचा आंकडा २५ किंवा त्याखालीं असल्यास केमोनें अधिक लाभ होत नाहीं. मी नेमकी त्या वर्णनांत बसत होतें. पण ती चाचणी लाखांच्या घरांत जाते. केमो सहज मिळण्यासारखी, आणि ती नको हें सांगणारी चाचणी मात्र सोनें मोडून करावयाची, असा हा विचित्र व्यवहार! मीं पाटल्या मोडल्या. आंकडा चौदा आला. तो तीस आला असता तर केमो घ्यावी लागली असती व पाटल्याहि गेल्याच असत्या. तेव्हां यांत माझ्या हुशारीचा भाग किती व दैवाचा किती, हें सांगणें कठीण आहे.

उरलें संप्रेरकांवरील औषध. स्त्रीच्या संप्रेरकांचा या रोगाशीं संबंध आहे, हें ग्लासगोच्या बीटसन यांनीं १८९६ सालींच दाखविलें. अंडाशय काढल्यावर कांहीं रुग्णांचा रोग ओसरला होता. टॅमॉक्सिफेन हें औषध १९६२ सालीं इंग्लंडांत संततिनियमनाकरितां तयार झालें, त्या कामीं निरुपयोगी ठरलें, आणि पुढें त्यानें असंख्य स्त्रियांचे प्राण वांचविले. पाळी गेलेल्यांसाठीं आतां लेट्रोझोलसारखीं औषधें आहेत, व लोब्युलर प्रकारांत टॅमॉक्सिफेनपेक्षां लेट्रोझोलचा लाभ विशेष दिसतो, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणांत आढळलें. तें महाग नाहीं. त्याची किंमत शरीर भरतें. सकाळीं बोटें इतकीं आंखडतात कीं, निऱ्या घालतांना दोनदां थांबावें लागतें. हाडें विरळ होतात. पहिल्या वर्षीं मीं गोळी सोडण्याचा निश्चय तीनदां केला. डॉक्टरांनीं औषधाचा कारखाना बदलून पाहिला, चालण्याचा व्यायाम लावला, कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व दिलें. दुखणें अर्ध्यावर आलें. आतां पहाटे गोदावरीच्या घाटापर्यंत जाऊन येतें; जनाबाईच्या गांवांत राहून बोटें दुखतात म्हणून तक्रार करणें बरें दिसत नाहीं, असें हे चेष्टेनें म्हणतात.

या रोगाची आणखी एक खोड आहे. तो उशिरां परततो. पांच वर्षें झालीं म्हणजे सुटलों, असें याबाबत म्हणतां येत नाहीं. दहा-पंधरा वर्षांनींहि तो उद्भवल्याचीं उदाहरणें आहेत. शिवाय हाडांखेरीज जठर, आंतडीं, पोटाचा पडदा, अंडाशय अशा अनपेक्षित जागीं तो जातो. म्हणून जुन्या रुग्णाच्या पोटाची तक्रार ऐकतांना डॉक्टरांस पूर्वींच्या रोगाची जात सांगितलीच पाहिजे. परतला तरी आज सारा खेळ संपत नाहीं. संप्रेरकौषधांच्या जोडीला द्यावयाच्या पाल्बोसायक्लिब नांवाच्या औषधाचा भारतांतील एकाधिकार २०२३ च्या आरंभीं संपला आणि त्याची किंमत पुष्कळ उतरली.

गेल्या दिवाळींत माझें पोट फुगल्यासारखें वाटूं लागलें. चकल्यांचा दोष असेल, असें म्हणून आठवडाभर लोटला. मग तसबिरीमागचा तो जुना कागद आठवला, आणि मी परभणीस जाऊन सोनोग्राफी व पुढें दुर्बिणीची तपासणी करून आलें. निव्वळ पित्त निघालें. त्या दिवसांत घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. अहवाल आला त्या संध्याकाळीं जाऊबाई खोलींत आल्या, दार लोटून घेतलें, व हळूच म्हणाल्या, "आपल्या त्या डॉक्टरीणबाईंकडं मलाहि एकदां घेऊन चल." त्यांचें वय एकोणसत्तर. मीं त्यांना नेलें. कांहीं निघालें नाहीं. पण यंदाहि जावयाचें आहे, हें त्यांनींच दिनदर्शिकेवर खूण करून ठेवलें आहे.

माझ्या गोळीचीं पांच वर्षें पुरीं व्हावयास अजून चौदा महिने आहेत. पुढें आणखी दोन वर्षें ती चालू ठेवावी कीं थांबवावी, हा प्रश्न डॉक्टरांनीं आतांपासूनच माझ्यापुढें ठेवला आहे. हाडांची तपासणी येत्या पौषांत आहे. तिचा आंकडा पाहून आम्ही दोघें पुन्हा मुंबईस जाऊं आणि तेथें बसून ठरवूं.