घरोघरचे मीटर : लेखांक ७ – किल्ली कोणाच्या हाती?

स्मार्ट मीटरमधील नोंदी मोबाइलच्या जाळ्यातून वीज कंपनीच्या दप्तरी कशा पोहोचतात ते मागील लेखांकात आपण पाहिले. परंतु ज्या वाटेने नोंद बाहेर पडते त्याच वाटेने हुकूमही आत येऊ शकतो, आणि वीजपुरवठा तोडण्याचा हुकूम त्यांपैकीच एक असल्यामुळे, मीटरशी बोलण्याचा अधिकार कोणास व कितपत असावा, हा प्रश्न जिन्याखालच्या मीटर-केबिनपाशीच येऊन ठेपतो.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथे अदानी इलेक्ट्रिसिटी असो, की मुलुंड-भांडुपकडे महावितरण, अधिकारांची वाटणी आयएस १५९५९ या भारतीय मानकानेच ठरवून दिलेली आहे. पहिल्या, सार्वजनिक पायरीस पासवर्ड लागत नाही. मात्र तिच्यावरून घड्याळासारख्या मोजक्याच गोष्टी वाचता येतात. दुसरी 'मीटर रीडर'ची: पासवर्ड दिला की वाचन करावे, फेरफार करू नये. खरी मुखत्यारी तिसरीकडे, 'युटिलिटी सेटिंग'कडे, असते. घड्याळ लावणे, भारमर्यादा ठरविणे, इतकेच नव्हे तर रीडरचा पासवर्ड बदलणे हेही तिच्याच कक्षेत येते. म्हणूनच येथे नुसत्या पासवर्डावर भागत नाही. मीटर दर वेळी एक नवी यादृच्छिक संख्या पुढे टाकतो, समोरच्याने ती आपल्या गुप्त किल्लीने सांकेतिक करून परत करावयाची असते, आणि किल्ली स्वतः तारेवर वा हवेत कधीच उतरत नाही.

ही तजवीज उत्तम आहे, यात शंका नाही. तथापि मीटर ओळखतो तो हुद्दा, माणूस नव्हे. त्याच्या अंतर्गत नोंदवहीत पासवर्ड वा किल्ली बदलल्याची नोंद तारीख-वेळेसह राहते, पण तो बदल कोणत्या कर्मचाऱ्याने केला हे तीवरून कळत नाही. तो दाखला कार्यालयातील मध्यवर्ती प्रणालीतच ठेवावा लागतो: प्रत्येकाचे स्वतंत्र खाते, प्रत्येक मीटरची निराळी किल्ली, आणि कंत्राट संपताच खाते त्याच दिवशी बंद. या शिरस्त्यात मला तडजोड मान्य नाही. २०१० साली अमेरिकेच्या एफबीआयने प्यूर्तो रिको बेटावरील मीटर-गैरव्यवहाराविषयी इशारा दिला, तेव्हा संशय मीटर बनविणाऱ्या कंपनीच्या माजी आणि वीज कंपनीच्या सेवेतील कर्मचाऱ्यांवरच होता. मीटरच्या दर्शनी भागावरील ऑप्टिकल पोर्ट, ज्यास लोहचुंबकाचे गोल टोक चिकटते व इन्फ्रारेड प्रकाशातून संभाषण चालते, तेच लॅपटॉपला जोडून मोजणीची मांडणी बदलण्यात आली होती.

ग्राहकास मीटरमध्ये खाते नसते. त्याचे खाते असते कंपनीच्या ॲपवर, ग्राहक क्रमांक व मोबाइल क्रमांकाच्या आधारावर. सदनिका विकली गेली आणि नवीन मालकाने वीजबिलावरील नाव व नोंदलेला मोबाइल क्रमांक बदलून घेतला नाही, तर जुन्या मालकास त्या घरातील विजेचा वापर, आणि त्यावरून घरी कोणी आहे की नाही याचा अंदाजही, दुरून येऊ शकतो. सोसायटीत हस्तांतरणाचे कागद फिरत असतात त्याच आठवड्यात नावबदलाचा अर्जही देऊन टाकावा.