मित्रमंडळींसह पहिली समुद्रबुडी



समुद्राच्या कांठीं सारा जन्म काढलेलीं पुष्कळ माणसें समुद्राच्या आंत काय आहे हें न पाहतांच जातात. तें पाहण्याची सोय आतां बहुतेक निरोगी माणसांस झालेली आहे, आणि चार मित्र एकत्र जमले म्हणजे "यंदा अंदमानला जाऊन स्कूबा करूं" असा बेत मुंबईपुण्याच्या घरांतून वारंवार ऐकूं येतो. बेत चांगला आहे. परंतु असे बेत बहुधा विमानाच्या तिकिटापासून सुरू होतात आणि हॉटेलच्या खोल्यांपाशीं संपतात. पाण्याखालीं शरीराचें काय होतें, आणि चौघांपैकीं एकाचें शरीर किंवा मन त्या दिवशीं तयार नसेल तर काय करावयाचें, हे दोन प्रश्न कोणी विचारीत नाहीं. आज मी मुख्यत्वेंकरून त्यांविषयींच बोलणार आहें.

स्कूबा हा शब्द पांच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा बनलेला आहे. पाण्याखालीं श्वास घेण्याचें, स्वतःजवळच बाळगावयाचें साधन, असा त्याचा अर्थ. पूर्वीच्या पाणबुड्यास वरून नळीनें हवा पुरवावी लागे, आणि ती नळी हेंच त्याचें दावें असे. फ्रान्सच्या नौदलांतील झाक कूस्तो व एमिल गान्यां नांवाचा अभियंता या दोघांनीं १९४३ सालीं एक झडप तयार केली. पाणबुड्या श्वास ओढील तेव्हांच, आणि भोंवतालच्या पाण्याचा जितका दाब असेल तितक्याच दाबानें, ती पाठीवरच्या नळकांड्यांतील हवा त्याच्या तोंडांत सोडते. आजचीं सर्व साधनें याच युक्तीचीं अपत्यें आहेत. त्या नळकांड्यांत प्राणवायु भरलेला असतो अशी सर्वत्र समजूत आहे, ती मात्र खरी नव्हे. आपण या क्षणीं घेत आहों तीच साधी हवा गाळून व दाबून त्यांत भरलेली असते. तिच्यांत सुमारें ७८ टक्के नत्रवायु असतो, आणि पुढें सांगावयाच्या एका भानगडीचें मूळ त्या नत्रवायूंत आहे.

आतां दाबाचें गणित पाहूं. समुद्रसपाटीवर आपल्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यांत दर १० मीटर खोलीस तितक्याच दाबाची भर पडते. म्हणजे १० मीटरांवर दाब दुप्पट, २० मीटरांवर तिप्पट. वायूवरील दाब वाढला कीं त्याचें आकारमान त्याच प्रमाणांत घटतें, हा रॉबर्ट बॉईलचा १६६२ सालचा नियम आम्ही मास्तर मंडळी मुलांकडून घोकून घेत असूं, आणि परीक्षा संपतांच मुलें तो विसरत. पाण्यांत उतरणाऱ्यास तो आपल्या कानांत पुनः भेटतो. कानाच्या पडद्यामागें हवेची एक लहानशी पोकळी आहे. खालीं उतरूं लागतांच ती हवा आक्रसते, पडदा आंत ओढला जातो, आणि अवघ्या एकदोन मीटरांवर कान दडे बसल्यासारखा होऊन दुखूं लागतो. उपाय सोपा आहे. नाक चिमटींत धरून, तोंड मिटून, नाकांतून हलकेच फुंकर घालावयाची, म्हणजे घशापासून कानाकडे जाणारी नळी उघडून आंतला व बाहेरचा दाब समान होतो. इटालियन शरीरशास्त्रज्ञ वाल्साल्वा याच्या नांवानें ही युक्ति ओळखली जाते. ती कान दुखूं लागण्यापूर्वींच, दर अर्ध्याएक मीटरास करीत राहावें लागतें. कान उघडत नसेल तर जोर करूं नये. थोडें वर येऊन पुनः पाहावें, आणि तरीही न उघडल्यास ती बुडी तेथेंच सोडून द्यावी.

येथें एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत यावी. पृष्ठभागापासून १० मीटरांपर्यंत हवेचें आकारमान निम्मे होतें. पुढच्या १० मीटरांत तें निम्म्यावरून तिसऱ्या हिश्शावर येतें, म्हणजे फरक थोडा पडतो. तेव्हां "आम्ही कांहीं फार खोल जाणार नाहीं, आम्हांस कसली भीति?" हें म्हणणें फसवें आहे. सर्वांत मोठी उलथापालथ उथळ पाण्यांतच होते. म्हणूनच पाणबुड्याचा पहिला नियम असा कीं, श्वास कधींही रोखून धरावयाचा नाहीं. पोहणाऱ्याची संवय याच्या नेमकी उलट असते. दाबयुक्त हवेनें छाती भरून घेऊन, श्वास कोंडून कोणी अवघ्या दोन मीटरांतून वर आला तरी आंतली हवा प्रसरण पावून फुप्फुसास इजा करूं शकते. घाबरलेला मनुष्य श्वास कोंडतो व वर धांव घेतो. पाण्याखालच्या घबराटीचा खरा धोका तो हाच.

आतां नत्रवायूची भानगड. दाबाखालीं श्वास घेत असतां हा वायु रक्तांत व मांसांत जास्त प्रमाणांत विरघळतो. सावकाश वर आल्यास तो फुप्फुसांवाटे निघून जातो. एकदम वर आल्यास सोड्याच्या बाटलीचें झांकण उघडावें तसे त्याचे बुडबुडे होतात, आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत कांहींही होऊं शकतें. यास्तव मिनिटास सुमारें ९ मीटर याहून अधिक वेगानें वर येऊं नये, आणि ५ मीटरांवर तीन मिनिटें थांबावें, असा प्रघात आहे.

बुडीपूर्वीं प्रत्येकास एक वैद्यकीय प्रश्नपत्रिका भरून द्यावी लागते. दमा, अपस्मार, हृद्रोग, कानाची शस्त्रक्रिया, फुप्फुसाचे विकार, गर्भारपण, चालू असलेलीं औषधें, अशा गोष्टी त्यांत विचारलेल्या असतात. या कागदाकडे आपले लोक रेल्वेच्या तिकिटामागील नियमांकडे पाहावें तसे पाहतात, आणि लाँच सुटावयाच्या घाईंत सर्व उत्तरें "नाहीं" अशीं भरून टाकतात. वास्तविक एखादें उत्तर "होय" आलें म्हणजे दार बंद झालें असें नव्हे. डॉक्टरांची सही आणावी लागते इतकेंच. पण बेटावर ऐन वेळीं डॉक्टर कोठून आणणार? म्हणून ही पत्रिका घरून निघण्यापूर्वीं महिनाभर आधीं मागवून, प्रत्येकानें एकट्यानें वाचावी. एकट्यानें असें मुद्दाम म्हणतों, कारण स्वतःचा जुना दमा चारचौघांत सांगण्यास माणसास संकोच वाटतो.

मित्रांच्या संगतींत एक प्रकारचें बळ असतें, आणि त्याच संगतीचा एक भारही असतो. माझ्या चार जुन्या विद्यार्थ्यांची गोष्ट सांगतों. चौघेही चाळिशीच्या घरांतले. बुडीच्या दिवशीं सकाळीं त्यांपैकीं एकास पडसें होतें. त्यानें नाक मोकळें करणारी गोळी घेतली आणि कागदावर "नाहीं" लिहिलें. बाकीच्या तिघांनीं त्यास आग्रह केला नव्हता. थोडी थट्टा मात्र केली होती. उतरतांना गोळीच्या प्रभावानें कान उघडला. पाण्याखालीं गोळीचा अंमल ओसरला आणि वर येतांना कानांतली हवा अडकली. पडदा फाटला, आणि पुढचे कित्येक आठवडे तो मनुष्य एका कानानें ऐकत होता. यांत कोणाचाच दुष्ट हेतु नव्हता. पैसे भरलेले होते, वर्षभर बेत चाललेला होता, आणि "मी आज येत नाहीं" एवढें वाक्य उच्चारण्यास त्यास जागाच उरली नव्हती.

ही जागा बेतांतच राखून ठेवावी लागते. पैशांविषयीं आधींच ठरवावें कीं, कोणी ऐन वेळीं न उतरल्यास त्याचे बुडालेले पैसे चौघांनीं वांटून सोसावयाचे. ऐन वेळीं बुडी रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते हें शिक्षकास अगोदर विचारून ठेवावें. न उतरणाऱ्यासाठीं त्या दिवशींचा दुसरा चांगला कार्यक्रम तयार असावा. पृष्ठभागावर तरंगत नळीवाटे श्वास घेऊन खालचें दृश्य पाहण्याचा स्नॉर्केलिंग नांवाचा प्रकार त्यास पुष्कळदां पुरेसा आनंद देतो. पडसें असलेल्यानें मात्र तेथेंही सूर मारून खालीं जाऊं नये.

पाण्याखालच्या खुणांत या स्वातंत्र्याची सोय फार सुंदर केलेली आहे. आपण जमिनीवर अंगठा वर करतों तो "छान" या अर्थानें. पाण्याखालीं त्याच खुणेचा अर्थ "मी वर चाललों" असा होतो. अंगठा व तर्जनी यांचें कडें करून दाखविलें म्हणजे "ठीक आहे". कांहीं बिघडलें असल्यास पंजा आडवा धरून डोलवावयाचा. अंगठा कोणीही, केव्हांही दाखवावा, आणि इतरांनीं कारण न विचारतां त्याच्याबरोबर वर निघावें, असा जगभरच्या पाणबुड्यांचा शिरस्ता आहे. वर आल्यावरही जाब विचारावयाचा नसतो. चौघांनीं ही खूण घरीं दिवाणखान्यांत बसून करून पाहावी. मुलांना हंसूं येईल, येऊं द्यावें.

आतां स्थळकाळाविषयीं. अंदमानला जाण्यापूर्वीं मालवणास एक फेरी करावी असें माझें मत आहे. मालवणजवळ तारकर्ली येथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकविणारी संस्था असून तेथें सरावासाठीं खोल तलाव आहे. तोंडांतून श्वास घेणें, चष्म्यांत शिरलेलें पाणी नाकानें फुंकून बाहेर काढणें, या दोन गोष्टी ज्यास तलावांत साधतात त्याची निम्मी भीति जाते. ज्यास साधत नाहींत त्यास तें घराजवळच कळतें. परततांना मात्र एक लक्षांत ठेवा. बुडीनंतर ६०० मीटरांहून अधिक उंचीवर जाणें हें विमानांत बसण्यासारखेंच समजतात, आणि आंबोली सुमारें ६९० मीटर उंचीवर आहे. सबब समुद्रांत बुडी मारून त्याच संध्याकाळीं आंबोलीचा घाट चढूं नये. रात्र मालवणांतच काढावी, माशांचें जेवण तेथें उत्तम मिळतें.

अंदमानांत नवशिके बहुधा स्वराज द्वीप या बेटावर जातात. हेंच पूर्वीचें हॅवलॉक. नांव २०१८ सालीं बदललें. पोर्ट ब्लेअरचें नांवही २०२४ पासून श्री विजयपुरम् झालें आहे, तेव्हां तिकिटें काढतांना गोंधळूं नये. जानेवारी ते एप्रिल हा काळ समुद्र शांत असण्याचा. मेपासून नैर्ऋत्येचा पाऊस सुरू होतो, आणि वर्षाच्या अखेरीस ईशान्येकडचा पाऊस व वादळें संभवतात. विमानतळाच्या गांवाहून स्वराज द्वीपास फेरीबोटीनें जावें लागतें, आणि समुद्र खवळल्यास ती सुटत नाहीं. यासाठीं एक दिवस मोकळा ठेवणें हा उधळेपणा नव्हे.

केवळ चव घ्यावयाची असेल तर एक बुडी पुरे. तींत शिक्षक शेजारींच असतो आणि १२ मीटरांपलीकडे नेत नाहीं. प्रमाणपत्र हवें असेल त्यास तीनचार दिवस अभ्यास करावा लागतो व १८ मीटरांपर्यंत जाण्याची मुभा मिळते. चौघांतील दोघांनीं एक आणि दोघांनीं दुसरें निवडलें तरी बिघडत नाहीं. शिक्षक निवडतांना एका खेपेस तो किती जणांना नेतो, लाँचवर प्राणवायु ठेवतो काय, आणि बुडबुड्यांच्या विकारावर उपचार करणारी दाबाची कोठडी जवळांत जवळ कोठें आहे, हे तीन प्रश्न विचारावे. ज्यास या प्रश्नांचा राग येतो त्याच्याबरोबर पाण्यांत उतरूं नये. विम्याच्या कागदांतही पाण्याखालचे अपघात धरले आहेत काय, तें वाचून घ्यावें.

खालीं गेल्यावर काय दिसतें तें सांगण्याचा मोह आवरतों, पण दोन शब्द सांगतोंच. तांबडा रंग पहिल्या कांहीं मीटरांतच नाहींसा होऊं लागतो, सर्व वस्तु तृतीयांशानें मोठ्या वाटतात, आणि आवाज कोणत्या दिशेनें आला हें कळत नाहीं. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो त्याचा कुरकुर आवाज मात्र स्पष्ट येतो. त्या प्रवाळास हात लावूं नये. घनदाट बांध्याचें प्रवाळ वर्षास जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतें. २०१० सालीं समुद्र तापल्यामुळें अंदमानचीं पुष्कळ प्रवाळें पांढरीं पडलीं होतीं, आणि जीं वांचलीं त्यांवर आपल्या पायांतील रबरी पंजांचा तडाखा बसावयास नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें प्रवाळांस संरक्षण आहे. तुकडा आठवण म्हणून पेटींत घालणें हा गुन्हा होतो.

राहिला प्रश्न परतीचा, आणि माझ्या मतें बेताची आंखणी येथूनच, म्हणजे शेवटाकडून मागें, करीत यावी. अनेक बुड्या मारलेल्यानें शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास विमानांत बसूं नये. एकच बुडी मारलेल्यास निदान १२ तास सांगितलेले आहेत. शेवटची बुडी दुपारीं १२ वाजतां संपली तर १८ तास दुसऱ्या दिवशीं सकाळीं ६ वाजतां भरतात. मी स्वतः यांत आणखी काटकसर करूं नये असें म्हणेन, आणि मध्यें एक संपूर्ण दिवस कोरडा ठेवीन. तो दिवस श्री विजयपुरम् येथें घालवावा. १९०६ सालीं पुरें झालेलें सेल्युलर जेल तेथें आहे, ज्यांत सावरकर १९११ सालीं आणले गेले आणि ज्या बेटांवरून ते १९२१ सालीं परत आले. १९४३ सालीं, कूस्तोची झडप तयार झाली त्याच वर्षीं, ३० डिसेंबरला नेताजींनीं या गांवांत तिरंगा फडकविला. दुपारीं कोठड्या पाहाव्या, सायंकाळीं समुद्रावर बसावें, आणि दुसऱ्या दिवशींचें विमान गांठावें. तिकीट काढतांना हा दिवस आधीं मोजा, बाकीचे दिवस त्याच्या मागें लावा.