सिक्लिडच्या टाकीत वाळू कोणती?

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या घरात आफ्रिकन सिक्लिडची टाकी मांडायची असेल, तर मासे आणण्याआधी तळाचा विचार करावा. हे मासे बहुतांशी मलावी आणि टांगानिका सरोवरांतले. तिथलं पाणी अल्कधर्मी. मलावीचा सामू साधारण 7.7 ते 8.6, टांगानिकाचा 9 च्या आसपास.

कोल्हापूरचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. त्याची वाळू दिसायला झकास, पण ती सामू फारसा वाढवत नाही. माशांनी सोडलेल्या अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू आम्ल सोडतात, त्यामुळे सामू हळूहळू घसरतो. शिंपल्यांच्या चुऱ्यातलं कॅल्शियम कार्बोनेट हे आम्ल मारतं. कोंबडीखाद्याबरोबर विकला जाणारा साधा चुरा चालतो. त्यात औषध किंवा मीठ मिसळलेलं नको. प्रवाळातही हेच कार्बोनेट असतं, पण ते किनाऱ्यावरून उचलू नये. 2001 पासून त्याला वन्यजीव कायद्याचं कडक संरक्षण आहे.

चुऱ्याच्या कडा बोचऱ्या असतात आणि अनेक सिक्लिड तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून बाहेर टाकतात. म्हणून तळाला बारीक, गुळगुळीत वाळू घालावी आणि चुरा जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवावा. टाकीत ठेवायच्या दगडावर आधी व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. फसफसला तर त्यात कार्बोनेट आहे.

वाळू चाळून, बादलीत ढवळून, निवळ पाणी येईपर्यंत धुवावी. आधी काचेवर थर्माकोलचा तुकडा, त्यावर मोठे दगड, मग पाचेक सेंटिमीटर वाळू. हा क्रम उलटा केला, तर मासे दगडाखालची वाळू उकरतात आणि दगड कलंडून काच फुटू शकते.